टाकीतले प्रश्न : माझे श्रिम्प गेले कुठे?

यावेळी पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं श्रिम्पचीच, म्हणजे टाकीत पाळायच्या छोट्या कोळंबीचीच निघाली. माशांच्या टाकीत श्रिम्प सोडायचं वेड एकदम वाढलंय आणि त्याच्याबरोबर "दहा सोडले, दोनच दिसतात" अशी रडगाणीही वाढलीत, म्हणून बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि आज फक्त गोड्या पाण्यातले श्रिम्प, तेही माशांसोबत ठेवलेले, एवढंच घेतलंय. डिस्कस मासे पाळणाऱ्यांनी रागावू नका, पुढच्या वेळी तुमचं नक्की.

प्रश्न : नमस्कार काका, माझी दोन फुटी टाकी आहे. त्यात २ एंजल, ८ नियॉन टेट्रा आणि ५-६ गप्पी आहेत. तीन आठवड्यांपूर्वी १० रेड चेरी श्रिम्प सोडले, पहिल्या दिवशी सगळे दिसत होते, आता कधी दोन दिसतात कधी एकही नाही. मेलेला श्रिम्प एकदाही दिसला नाही. फिल्टरमध्ये पण नाहीत. मग गेले कुठे? — दोन फुटी टाकीवाला

सरळ सांगतो, एंजलच्या पोटात गेले. मेलेला दिसला नाही म्हणताय ना, तोच पुरावा. चेरी श्रिम्प पूर्ण वाढला तरी अडीच-तीन सेंटीमीटर, आणि दुकानातून आपण आणतो ते बहुतेक अर्धवट वाढलेले, दीड सेंटीमीटरचे असतात. एंजल हा सिक्लिड जातीतला मासा आहे, त्याचा चेहरा साधा दिसतो पण तोंड बऱ्यापैकी उघडतं आणि तो पक्का शिकारी आहे. नियॉनसुद्धा मोठा एंजल गिळतो हे पुढेमागे कळेलच तुम्हाला, आत्ताच सांगून ठेवतो. (आणि दोन फुटी टाकीत एंजल हा वेगळाच विषय आहे, त्यांना लांबीपेक्षा उंची लागते, पण तो भांडणाचा मुद्दा आज नको.)

पण थांबा, सगळेच खाल्ले असं मी म्हणत नाहीये. श्रिम्पला भीती कळते. टाकीत एकदा दोन-तीन साथीदार गायब झाले की उरलेले दिवसा बाहेर येणंच बंद करतात, लाकडाच्या खाली, फिल्टरच्या मागे, झाडाच्या मुळात घुसून बसतात आणि आपल्याला वाटतं संपले. मी लोकांना एक साधी गोष्ट करायला सांगतो, लाइट बंद करा, तासाभराने छोटी टॉर्च घ्या, काच न ठोकता हळूच बघा. त्या वेळी मासे सुस्त असतात आणि श्रिम्प चरायला बाहेर पडतात. त्यात तुम्हाला ४-५ दिसले तर तुमची टाकी अजून वाचवता येईल. एकही दिसला नाही तर मग मात्र विषय संपला.

चार दिसले तर काय कराल? एंजल दुसरीकडे द्या किंवा श्रिम्प दुसरीकडे न्या, तिसरा मार्ग नाही. "मॉस (शेवाळासारखं दाट वाढणारं पाण्यातलं झाड) भरपूर टाकतो मग चालेल ना" असं खूप जण विचारतात. नाही चालणार. मॉसमुळे पिल्लांना लपायला मिळतं हे खरं, पण मोठे श्रिम्प दिवसभर मॉसमध्ये बसून जगले तर ते ठेवण्यात मजा काय, तुम्हाला ते दिसायला हवेत म्हणून तर आणलेत.

आता नियॉन आणि गप्पी. हे दोघं मोठ्या चेरीला काही करू शकत नाहीत, फार तर टोचून बघतील. पण पिल्लू जन्मतं तेव्हा दोनेक मिलिमीटरचं असतं आणि ते गप्पीला दिसलं की गेलं. म्हणजे एंजल काढल्यावर तुमचे मोठे श्रिम्प टिकतील, संख्या मात्र हळू वाढेल किंवा वाढणारच नाही. चेरी श्रिम्पचं आयुष्य साधारण दीड-दोन वर्षं, त्यामुळे पिल्लं वाचली नाहीत तर दोन वर्षांनी टाकी पुन्हा रिकामी. टाकी माशांची आणि श्रिम्प शोभेला असं असेल तर हे चालतं, श्रिम्पची वसाहत वाढवायची असेल तर नाही चालत. हे आधी मनाशी ठरवा, मग मासे निवडा. बहुतेक लोक उलट करतात.

प्रश्न : श्रिम्पसोबत १००% सेफ मासा कोणता? एकच नाव सांगा प्लीज, दहा नावं नकोत. — घाईतला वाचक

ओटोसिंक्लस. शेवाळ खाणारा, बोटाच्या दोन पेरांएवढा, त्याला मांसात रसच नाही. फक्त तो नवीन टाकीत टिकत नाही, शेवाळ चांगलं जमलेली जुनी टाकी लागते, आणि एकटा ठेवू नका, निदान पाच-सहा तरी हवेत.

एकच मागितलंत पण दुसरं सांगितल्याशिवाय राहवत नाही. चिली रासबोरा, एम्बर टेट्रा, पिग्मी कोरी ही मंडळी ९० टक्के सेफ धरा, म्हणजे मोठ्या श्रिम्पकडे ढुंकूनही बघत नाहीत, कधीमधी नवजात पिल्लू मटकावतील पण मॉस दाट असेल तर पिल्लं वाचून पुढे जातात. आणि ज्यांना ठामपणे नको म्हणायचं ते म्हणजे लोच (क्लाउन लोच, योयो लोच सगळे), सिक्लिड, गोल्डफिश, बार्ब, मोठे गुरामी. फायटर उर्फ बेट्टाबद्दल विचारू नका, तो ज्याच्या त्याच्या स्वभावावर आहे. माझ्याकडे एक फायटर दोन वर्षं श्रिम्पच्या शेजारी साधूसारखा राहिला आणि त्याच्यानंतर आणलेल्याने चार दिवसात सगळ्या श्रिम्पचे पाय तोडून ठेवले.

प्रश्न : नमस्कार सर. माझ्याकडे ४० लिटरची टाकी, ६ एम्बर टेट्रा आणि १५ चेरी श्रिम्प. मासे मस्त आहेत, त्यांना काही होत नाही. मी दर रविवारी न चुकता ५०% पाणी बदलते, तळ व्हॅक्यूम करते, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुते. तरी दर सोमवारी-मंगळवारी एक-दोन श्रिम्प मेलेले सापडतात. कधीकधी पाठीवर पांढरी रेघ दिसते, जणू कोणी दोरा बांधलाय. मासे खात नाहीयेत हे नक्की, मग काय चुकतंय? घरात प्यायच्या पाण्याचं आरओ आहे, तेच पाणी वापरते, स्वच्छ असतं म्हणून. — रविवारवाली

ताई, तुम्ही स्वतःच उत्तर लिहून पाठवलंय, रविवारी सफाई आणि सोमवारी मरण. पण रागावू नका, स्वच्छतेची आवड असलेल्या माणसांचेच श्रिम्प सगळ्यात आधी मरतात हे मी कितीदा पाहिलंय, आळशी लोकांच्या टाकीत ते शेकड्याने वाढतात.

नीट समजून घ्या. श्रिम्पला बाहेरून कवच असतं, ते वाढत नाही, त्यामुळे वाढायचं असेल तर जुनं कवच टाकून नवं घालावं लागतं. साप कात टाकतो ना तसंच. मोठा श्रिम्प साधारण महिन्याभराने, लहान पिल्लं तर आठवड्यालाही कात टाकतात. ही कात पाठीवर, मान आणि धड जिथे जुळतात तिथे एक चीर पडून निघते आणि श्रिम्प एका झटक्यात, उडी मारल्यासारखा बाहेर येतो. हा झटका जमला तर ठीक. जमला नाही तर कवच मानेभोवती गोल फाटतं, ती पांढरी रेघ तुम्हाला दिसते, आणि श्रिम्प त्यातून सुटू शकत नाही. तुम्ही ज्याला दोरा म्हणताय तो हाच. एकदा ती गोल रेघ पूर्ण आली की तो क्वचितच वाचतो.

हे का होतं? दोन कारणं आणि तुमच्याकडे दोन्ही आहेत. एक, कवच बनवायला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं, आणि तुमच्या आरओने ते सगळं गाळून टाकलंय. आरओचं पाणी आपल्याला प्यायला चांगलं, श्रिम्पसाठी ते जवळपास रिकामं पाणी. दोन, एकदम अर्धं पाणी बदललं की पाण्यातल्या क्षारांचं प्रमाण आणि तापमान झटक्यात बदलतं आणि श्रिम्पचं शरीर ते कात टाकायचा इशारा समजतं, तयारी झालेली नसताना कात टाकायला लागतं आणि अडकतं. मासे असा बदल सहन करतात म्हणून तुम्हाला टाकीत काही चुकतंय असं वाटत नाही.

करायचं काय ते सांगतो. पहिलं, जीएच (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) आणि केएच (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार) मोजणारं थेंबांचं टेस्ट किट आणा, पट्ट्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. चेरीला जीएच ६ ते १२ च्या आसपास, केएच २ ते ८, पीएच ६.५ ते ८ यात कुठेही चालतं, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, साधारण १५० ते ३०० मध्ये असला की बास. आकडा नेमका हवा असं नाही, तो रोज तोच हवा, हे जास्त महत्त्वाचं. आरओच वापरायचं असेल तर श्रिम्पसाठीची मिनरल पावडर मिळते ती पाण्यात आधी मिसळून, टीडीएस बघून, मगच टाकीत. नाहीतर नळाचं पाणी क्लोरीन काढून वापरा, चेरीसाठी बहुतेक वेळा ते पुरतं.

दुसरं, पाणी आठवड्याला १०-१५ टक्क्यांवर आणा आणि नवीन पाणी ओतू नका, बारीक पाइपने हळूहळू सोडा. तापमान टाकीइतकंच ठेवा.

तिसरं, आणि हे ऐकायला तुम्हाला जड जाईल, स्पंज नळाखाली धुवू नका. त्यात टाकीतल्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू राहतात, नळाच्या क्लोरीनने ते मरतात आणि मग अमोनिया, नायट्राइट ही विषं वर जातात. टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळा आणि परत लावा. दगडावर, काचेवर, लाकडावर जो बुळबुळीत थर दिसतो तो पुसू नका, समोरची काच सोडली तर बाकी राहू द्या. तो थर म्हणजे श्रिम्पचं ताट आहे, त्यातले सूक्ष्मजीव खाऊनच ते दिवसभर चरत असतात. तुम्ही दर रविवारी त्यांचं ताट उचलून धुवून ठेवता.

आणि उन्हाळ्यात पाणी उडून कमी झालं की वरून भर घालता ना, ती मात्र आरओनेच घाला. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, त्यात पुन्हा क्षारवालं पाणी भरत गेलं की महिन्याभरात टीडीएस कुठच्या कुठे जातो. म्हणजे बदलायला मिनरलवालं, भर घालायला साधं आरओ. हा गोंधळ भल्याभल्यांचा होतो.

प्रश्न : मेलेला श्रिम्प आणि टाकलेली कात यात फरक कसा ओळखायचा? दरवेळी काळजात धस्स होतं. — धस्स

कात पारदर्शक असते, आतून पोकळ, पाण्याच्या झुळकीने इकडे तिकडे हलते, डोळ्यांच्या जागी पण पोकळ टोप्या. मेलेला श्रिम्प गुलाबी-नारिंगी आणि दुधाळ होतो, शिजवल्यासारखा. कात काढू नका, श्रिम्प ती खाऊन त्यातलं कॅल्शियम परत घेतात. मेलेला मात्र लगेच काढा. आणि कात दिसली की पुढचे एक-दोन दिवस तो श्रिम्प दिसणार नाही, अंग मऊ असतं म्हणून लपून बसतो, शोधायला दगड उलटे करू नका.

प्रश्न : दादा, माझं फार नुकसान झालं. नियॉनवर पांढरे ठिपके आले म्हणून व्हाइट स्पॉटचं औषध टाकलं, बाटलीवर लिहिल्याप्रमाणेच टाकलं, जास्त नाही. मासे वाचले. ६० श्रिम्प एका रात्रीत गेले. औषध खराब होतं का? — साठ गेले

औषध खराब नव्हतं. त्यात तांबं होतं. बाटली उलटी करून बारीक अक्षरात कॉपर किंवा कॉपर सल्फेट असं काही लिहिलंय का बघा, मला जवळपास खात्री आहे.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, माझ्या हातून सेम झालंय. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, रात्री उशिरा माशांवर ठिपके दिसले, घरात एक अर्धी बाटली पडली होती, चष्मा नव्हता, मोजून थेंब टाकले आणि झोपलो. सकाळी तळावर सगळं नारिंगी. त्या दिवशी मी टाकीसमोर बसून राहिलो नुसता. कोणाला दोष देणार, लेबलवर लिहिलेलं होतं.

गंमत अशी की तांबं श्रिम्पला लागतंच. आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहायला लोह असतं, श्रिम्पच्या रक्तात त्याच जागी तांबं, हिमोसायनिन नावाचं द्रव्य, त्यामुळे त्यांच्या रक्ताला निळसर छटा असते. पण ते तांबं खाण्यातून, अगदी कणभर मिळतं. पाण्यात विरघळलेलं तांबं थेट कल्ल्यांवर जातं आणि माशाला जी मात्रा औषध असते ती श्रिम्पला विष होते. त्यामुळे कोणी "खतात तांबं आहे, झाडांना घालू का" असं विचारलं तर माझं उत्तर असतं की चांगल्या कंपनीचं झाडांचं खत लेबलवर सांगितलेल्या किंवा त्याच्या अर्ध्या मात्रेत चालतं, त्यातलं तांबं फार थोडं असतं. औषध मात्र बिलकुल नाही.

आता पुढे काय. तीन-चार दिवसांच्या अंतराने पाणी बदलत राहा, फिल्टरमध्ये नवीन कार्बन (औषध शोषून घेणारा कोळसा) घाला, आणि तरीही लगेच नवे श्रिम्प आणू नका कारण तांबं खडीत, मातीत चिकटून राहतं आणि सावकाश सुटत जातं. कॉपरचं टेस्ट किट मिळतं, शून्य आलं तरी आधी दोन-तीनच श्रिम्प सोडून दोन आठवडे बघा, साठ एकदम आणू नका.

पुढच्या वेळी माशांना ठिपके आले तर श्रिम्प नव्हे, मासे बाहेर काढा. एक साधी बादली किंवा छोटी टाकी, हीटर, एअर पंप, तिथे औषध करा. या रोगाचा जंतू माशाशिवाय जगत नाही, श्रिम्पला तो लागत नाही, त्यामुळे मुख्य टाकीत निदान दोन आठवडे, पाणी थंड असेल तर त्याहून जास्त दिवस, मासा नसेल तर तो तिथे आपोआप संपतो. श्रिम्प जागचे हलवायची गरजच नाही.

याच विषयातलं आणखी थोडं, कारण "काहीच केलं नाही तरी सगळे एका दिवसात मेले" अशी दोन पत्रं आलीत आणि त्या दोघांनाही पुढचं लागू आहे. पहिली शंका मी नेहमी कीटकनाशकावर घेतो. डास मारायचा स्प्रे, झुरळांचा स्प्रे, कुत्र्याच्या पिसवांचे थेंब लावून तसाच हात टाकीत घालणं, ही सगळी औषधं किड्यांना मारायला बनवलेली आहेत आणि श्रिम्प हा त्यांच्या नात्यातलाच प्राणी आहे. एअर पंप खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो हे तर कोणाच्या लक्षातच येत नाही. फवारणी करायची असेल तर पंप दुसऱ्या खोलीत न्या किंवा बंद ठेवा, टाकी झाका, खिडक्या उघडून हवा मोकळी होऊ द्या. दुसरी शंका नवीन झाडांवर. पाण्यातली झाडं पुष्कळदा पाण्याबाहेर वाढवतात आणि त्यांच्यावर फवारणी झालेली असते. झाड आणलं की वेगळ्या बादलीत आठवडाभर ठेवा, रोज पाणी बदला, मगच टाकीत. किंवा बंद डबीतली, प्रयोगशाळेत जेलवर वाढवलेली टिश्यू कल्चरची झाडं घ्या, जेल धुवून टाका, ती सगळ्यात बिनधोक.

प्रश्न : काका मी आठवीत आहे. माझ्या टाकीत चेरी आणि अमानो दोन्ही आहेत. चेरीच्या पोटाखाली पिवळी अंडी आहेत आणि अमानोच्या पण आहेत, खूप बारीक हिरवट. किती दिवसांनी पिल्लं येतील? अमानोची मागच्या वेळी पण अंडी होती पण पिल्लं आलीच नाहीत. नियॉनने खाल्ली का? — अंडी मोजणारी

वा! पोटाखालची अंडी स्वतः शोधून काढलीस, झकास. आधी चेरीचं सांगतो. अंडी दिसायला लागली त्या दिवसापासून साधारण तीन ते चार आठवडे, पाणी कोमट असेल तर थोडं लवकर. ती आई पोटाखालचे छोटे पाय सारखे हलवत असते ना, ते अंड्यांना ताजं पाणी लागावं आणि बुरशी येऊ नये म्हणून. अंडी वीस-तीस असतात. शेवटी शेवटी नीट बघ, भिंग असेल तर घे, अंड्यात दोन काळे ठिपके दिसतील, ते पिल्लाचे डोळे. मग चार-पाच दिवसात पिल्लं बाहेर. आणि ती हुबेहूब मोठ्या श्रिम्पसारखीच असतात, फक्त इवलीशी. पहिलटकरणीने मधेच अंडी टाकून दिली तर वाईट वाटून घेऊ नकोस, तसं होतं, पुढच्या वेळी नीट करते.

एक ओळखायची खूण पण सांगतो. मादीच्या मानेमागे पाठीवर पिवळा किंवा हिरवट डाग दिसतो, घोड्यावर खोगीर असतं तसा, ती अजून पोटाखाली न आलेली अंडी. अशी मादी कात टाकते तेव्हा पाण्यात एक वास सोडते आणि टाकीतले सगळे नर वेड लागल्यासारखे गोल गोल पोहत सुटतात. ते दिसलं तर घाबरू नकोस, पाणी खराब नाही झालेलं. म्हणजे अर्थात माशांनाही धाप लागलेली असेल आणि सगळे वर तोंड काढत असतील तर मात्र पाणीच बघायचं.

आता अमानो. नियॉनवर आळ घेऊ नकोस, अर्थात त्यांनी खाल्ली असतीलच, पण खाल्ली नसती तरी पिल्लं झाली नसती. अमानोची अंडी शेकड्याने, कधी हजाराहूनही जास्त असतात, म्हणून इतकी बारीक. त्यातून श्रिम्पसारखं पिल्लू निघत नाही, धुळीच्या कणाएवढी अळी निघते. जपान आणि तैवानकडच्या नद्यांत हे श्रिम्प राहतात, तिथे ही अळी पाण्याबरोबर वाहत समुद्राकडे जाते, खाऱ्या पाण्यात वाढते, तिचा छोटा श्रिम्प होतो आणि मग तो नदीतून परत वर चढत येतो. तुझ्या टाकीत समुद्र नाही, म्हणून ती काही दिवसातच मरते. वेगळं खारं पाणी करून, अळ्यांना सूक्ष्म शेवाळ खायला घालून, महिना-दीड महिना रोज लक्ष देऊन लोकांनी ती वाढवलीत, पण ते काम मोठ्या माणसांनाही धड जमत नाही, मलाही दोनदा जमलं नाही. तू चेरीवर लक्ष दे.

अमानो नाव का माहितीये? ताकाशी अमानो नावाचे जपानी फोटोग्राफर होते, टाकीत बाग करायची कला त्यांनी जगभर नेली, १९८० च्या दशकात त्यांनीच हा श्रिम्प शेवाळ खायला म्हणून आपल्या टाक्यांत आणला, तेव्हापासून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो.

पिल्लांसाठी दोन कामं कर. टाकीच्या एका कोपऱ्यात मुठीएवढं जावा मॉस बांध, आणि फिल्टरच्या ओढणाऱ्या तोंडावर बारीक स्पंज लाव, नाहीतर पिल्लं आत ओढली जातील. आईला वेगळ्या डब्यात ठेवू नकोस, पकडापकडीत ती अंडी टाकते.

प्रश्न : काचेवर बारीक पांढरे किडे सरपटतायत. श्रिम्पला धोका आहे का? — सरपट

डोकं बघा. डोकं बाणासारखं त्रिकोणी असेल आणि काचेवर घसरत चालत असेल तर प्लॅनेरिया, तो पिल्लं आणि कात टाकलेले मऊ श्रिम्प खातो. धाग्यासारखा असून पाण्यात वळवळ पोहत असेल तर तो गांडुळाचा लांबचा भाऊ, निरुपद्रवी. दोन्ही वाढायचं कारण एकच, तुम्ही खाणं जास्त घालताय. श्रिम्पला एक दिवसाआड आणि तेही दोन-तीन तासात संपेल इतकंच घाला, उरलेलं काढा. प्लॅनेरिया फारच झाला तर फेनबेंडाझोल नावाचं जंताचं औषध चालतं, श्रिम्प त्यात टिकतात, पण काही जातींच्या गोगलगायी मरतात आणि मात्रा मिलिग्रॅममध्ये मोजावी लागते, चिमूटभर वगैरे नाही. आधी खाणं कमी करून तीन आठवडे बघा, बहुतेकांचं तिथेच भागतं.

प्रश्न : सर, दीड वर्षापूर्वी लाल, निळे आणि पिवळे असे १५ श्रिम्प एकत्र सोडले, सोबत फक्त ओटो (ओटोसिंक्लस) आहेत. आता दोनशेच्या वर झालेत आणि नवीन पिल्लं सगळी मळकट तपकिरी! रंग कुठे गेले? आणि एवढ्यांचं करू काय, घरामागच्या ओढ्यात सोडू का? — दोनशेचा मालक

आधी दुसरं. नाही. कुठल्याही ओढ्यात, तळ्यात, विहिरीत नाही. हे श्रिम्प मुळात चीन, तैवानच्या भागातले, पण लोकांनी असेच सोडून सोडून आज जर्मनी, पोलंड, हवाई अशा ठिकाणी ते मोकळ्या पाण्यात वाढताना सापडलेत. एक अंडीवाली मादी पुरते. शिवाय त्यांच्या अंगावरचे परजीवी पण सोबत जातात. टाकीचं काढलेलं पाणीसुद्धा झाडांच्या कुंडीत घाला, ओढ्यात नको, त्यात दिसतही नाहीत इतकी बारीक पिल्लं असतात.

रंगाचं असं आहे की लाल, निळा, पिवळा हे सगळे एकाच जातीचे, माणसाने पिढ्यानपिढ्या निवडून काढलेले रंग. एकत्र ठेवले की ते आपसात जोड्या जमवतात आणि दोन-तीन पिढ्यांत मूळचा जंगली रंग, म्हणजे तपकिरी-पारदर्शक, वर येतो. बिघडलं काही नाहीये, तब्येतीने ते उलट दणकट असतात. मला स्वतःला ती मळकट मंडळी आवडतात, मातीवर बसली की दिसतच नाहीत, पण ही माझी आवड झाली. एकच रंग हवा असेल तर त्याच रंगाचे दहा-बारा वेगळ्या टाकीत घ्या आणि फिकट, ठिपक्याठिपक्याचे निघतील ते दर महिन्याला बाजूला काढत राहा, वर्षभर धीर धरला तर रंग बसतो.

बाकीचे वाटा. माशांची आवड असलेला कोणी ना कोणी ओळखीत निघतोच, मात्र त्याची टाकी महिना-दीड महिना तरी चालू असलेली हवी, कालच भरलेल्या टाकीला देऊ नका, आणि एंजल आहे का तेवढं विचारून घ्या. पिशवीत निम्मं पाणी, निम्मी हवा, आणि एक छोटा मॉसचा गोळा टाका म्हणजे त्यांना धरून बसायला काहीतरी होतं, नाहीतर प्रवासभर आपटत राहतात. घेणाऱ्याला सांगा की पिशवी थेट ओतायची नाही, श्रिम्प एका भांड्यात काढून एअरलाइन पाइपला (एअर पंपाच्या बारीक नळीला) गाठ मारून टाकीचं पाणी ठिबकत सोडायचं, सेकंदाला दोन-तीन थेंब, तासा-दोन तासात भांड्यातलं पाणी तिप्पट झालं की जाळीने उचलून टाकीत, भांड्यातलं पाणी फेकून द्यायचं. पहिले दोन दिवस खायला काही नाही.